गोलकिक, ऑफसाइड आणि माझा चुकलेला झेंडा (थ्रेड)

१/ फुटबॉलच्या नियमांच्या इतिहासावरील या मालिकेत आज एका छोट्या पोटनियमाविषयी. गोलकिकवरून थेट आलेला चेंडू घेणारा खेळाडू ऑफसाइड ठरत नाही. नियम अवघ्या एका वाक्याचा. तो मला ठाऊक नव्हता आणि माझ्या अज्ञानाची किंमत दुसऱ्याने मोजली, म्हणून हे लेखन.

२/ कोल्हापुरातील एका शालेय स्पर्धेत मी लाइन्समन होतो. वय एकवीस, नियमपुस्तिका वाचण्यापेक्षा चाळलेलीच अधिक. सामना संपत आला होता. एका गोलने मागे असलेल्या संघाच्या गोलरक्षकाने लांब गोलकिक मारली. चेंडू बचावफळीच्या डोक्यावरून गेला आणि तिच्या पलीकडे एकट्या उभ्या असलेल्या किरकोळ अंगाच्या मुलाने तो छातीवर घेऊन जाळ्यात धाडला. माझा झेंडा वर गेला. पंचांनी शिटी वाजवली. गोल रद्द.

३/ तो मुलगा माझ्याकडे धावत आला. स्वर तक्रारीचा नव्हता, शंकेचा होता. "सर, गोलकिकवर ऑफसाइड नसतो ना?" मी म्हणालो, "असतो. जा, खेळ." तो मान खाली घालून गेला. सामना संपला, त्याचा संघ स्पर्धेबाहेर पडला. त्या रात्री मी पुस्तिका उघडली. अकरावा नियम. मुलाचे म्हणणे खरे होते.

४/ ही सवलत आली कुठून? थेट १८६३ सालातून. त्या वर्षी २६ ऑक्टोबरला लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये फुटबॉल असोसिएशनची स्थापना झाली आणि डिसेंबरपर्यंत पहिले तेरा नियम सिद्ध झाले. त्यांतील सहावा नियम ऑफसाइडचा. तो आजच्यापेक्षा कितीतरी कठोर होता: आपल्या सहकाऱ्याने चेंडू मारला असता जो त्याच्या पुढे असेल, तो खेळाबाहेर. रग्बीत आजही साधारण हेच तत्त्व पाळले जाते.

५/ आता अडचण पाहा. चेंडू गोलरेषेच्या मागे गेला आणि बचाव करणाऱ्या संघाने तो प्रथम गाठला, तर त्या संघाला गोलरेषेवरून किक मिळे. पण मारणारा स्वतः गोलरेषेवर; मग त्याचे सारे सहकारी त्याच्या पुढेच असणार. कठोर नियम लावला तर सगळा संघ खेळाबाहेर! म्हणून त्याच सहाव्या नियमाच्या शेवटी एक पुस्ती जोडलेली आढळते: गोलरेषेमागून चेंडू मारला असता कोणीही खेळाबाहेर नाही. ही कुणावरची मेहेरबानी नव्हती. तिच्यावाचून खेळ पुन्हा सुरू होणेच अवघड होते.

६/ १८६६ साली ऑफसाइड शिथिल झाला. पुढच्या खेळाडूच्या आणि गोलच्या दरम्यान प्रतिपक्षाचे किमान तीन खेळाडू असले की तो खेळात. म्हणजे मूळ अडचण बव्हंशी संपली. सवलत मात्र टिकली. १९०७ साली स्वतःच्या अर्ध्या मैदानात ऑफसाइड राहिला नाही, १९२० साली थ्रो-इनलाही सूट मिळाली, १९२५ साली तिनाचे दोन झाले, आणि १९९० साली उपान्त्य बचावपटूच्या समरेषेत असलेला खेळाडू निर्दोष ठरला. भोवतालचे घर इतक्यांदा बांधले गेले, तरी हा जुना उंबरठा जागचा हलला नाही.

७/ आणि तो निरुपयोगीही झाला नाही. २०१९ पर्यंत गोलकिकचा चेंडू पेनल्टी क्षेत्राबाहेर गेल्याशिवाय खेळात येत नसे. आता तो मारला जाऊन स्पष्टपणे हलला की खेळ सुरू. त्यामुळे संघ आपल्याच गोलसमोर आखूड पास देतात आणि प्रतिपक्ष त्यांना घेरण्यासाठी पुढे सरसावतो. अशा वेळी त्याच्या बचावफळीमागे थांबलेला आघाडीवीर ऑफसाइड ठरू शकत नाही. एक लांब गोलकिक सारा घेराव मोडू शकते.

८/ मर्यादा मात्र ध्यानात असाव्यात. सवलत 'थेट' आलेल्या चेंडूपुरतीच आहे. गोलकिकचा चेंडू वाटेत सहकाऱ्याने डोक्याने पुढे ढकलला, तर त्या क्षणी ऑफसाइडचा निवाडा नव्याने होतो. गोलरक्षकाने हातातून सोडून मारलेला चेंडू म्हणजे गोलकिक नव्हे. तिथे ऑफसाइड आहे. तो गोलसमोरून फ्री किक घेत असेल, तरीही आहे. कॉर्नर किक आणि थ्रो-इनवर नाही.

९/ माझी चूक नियम न जाणण्याची होती, हे मी बराच काळ स्वतःला सांगत आलो. ते अर्धेच खरे आहे. गडबडीत झेंडा चुकू शकतो. पण त्या मुलाने विचारले तेव्हा मला खात्री नव्हती, आणि तरीही मी खात्रीने उत्तर दिले. पंचांना हाक मारून "माझ्या मनात शंका आहे" एवढे सांगता आले असते. खेळ पुन्हा सुरू होईपर्यंत निर्णय बदलण्याची मुभा होती.

१०/ तो मुलगा पुन्हा भेटला नाही. पुढे नवे लाइन्समन तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. पहिल्या दिवशी मी त्यांना त्याचाच प्रश्न विचारतो. उत्तर चुकले तर रागावत नाही. मात्र जो "ठाऊक नाही, बघून सांगतो" म्हणतो, त्याच्या हाती झेंडा आधी देतो.