मंगळवारी घालायचा कुर्ता

गेल्या आठवड्यात ऑफिसच्या लिफ्टमध्ये टीममधल्या एका नवीन मुलीनं विचारलं, "मॅम, कुर्ता कुठून घेतला?"

"शिवला."

"हो, पण टेलर कुठला?"

"मीच."

तोवर तिचा मजला आला. उतरताना तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी फ्लॅटच्या गॅलरीत म्हैस बांधली आहे. :)

तर मंडळी, आज त्या म्हशीबद्दल.

२०२२च्या पावसाळ्यात सुरुवात केली. आजच्या घडीला कपाटात मी शिवलेले ११ कुर्ते, ४ पलाझो आणि नवऱ्याचा एक शर्ट आहे. (शर्टाची कॉलर एका बाजूनं कान टवकारल्यासारखी उभी राहते. तो बिचारा घरात घालतो.) सगळ्यात पहिला शिवला तो दिवाळीसाठी, टसरचा, गळ्याला पट्टी वगैरे. घातला एकदा. मग लक्षात आलं की सणाचे कपडे शिवणं सोपं असतं, कारण ते वर्षातून चार तास अंगावर असतात. खरी परीक्षा मंगळवारची. सकाळी नऊची मीटिंग, उज्ज्वलनगरला मेट्रो, खापरीला उतरून पुढे मिहान, दिवसभर एसी, संध्याकाळी भाजी. यात जो कपडा आपण अंगावर आहे हेच विसरून जातो, तो जमला. माझ्या ११ पैकी असे ७ आहेत. बाकीचे चार 'शिकण्याचा खर्च' या सदरात.

मशीन आईचं. काळं, सोनेरी नक्षीचं, उषाचं पायमशीन. महालातल्या आमच्या दोन खोल्यांत ते खिडकीखाली असायचं आणि रात्री साडेअकरापर्यंत चालायचं. बाबांचा पगार कधी यायचा, कधी नाही. आईच्या ब्लाऊजचे पैसे मात्र यायचेच. साधा ब्लाऊज १५ रुपये, अस्तराचा २५. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची पुस्तकं म्हणजे किती ब्लाऊज, हे गणित मला तोंडपाठ होतं. पहिली नोकरी लागली तेव्हा मी मोठ्या ऐटीत म्हणाले, "आई, आता मशीन बंद." तिनं दुसऱ्याच दिवशी त्यावर जुनी चादर घातली. दोघींनाही ते बक्षीस वाटलं होतं.

आणि पंधरा-सोळा वर्षांनी मीच ती चादर काढली. बाबा गेल्यापासून आई आमच्याकडेच असते. ती दारात उभी राहून बघत होती.

"हे काय करून राहिली तू?"

"कुर्ता शिवून बघते."

"काऊन? विकत मिळत नाही का आता? याच्यासाठी शिकवलं होतं का तुला?"

मी हसले. ती हसली नव्हती, हे फार नंतर लक्षात आलं.

मग तिनं मदत केलीच नाही. तेल कुठे घालायचं तेवढं सांगितलं आणि मालिका बघायला गेली. मी झारापकरांचं कटिंगचं पुस्तक आणलं, खाकी कागद आणला, व्हिडिओ पाहिले. पहिले दोन आठवडे नुसता दोऱ्याचा गुंता. शेवटी आमच्या धंद्याप्रमाणे आधी मशीन समजून घ्यायचं ठरवलं. वरचा दोरा सुईतून येतो, खालचा बॉबिनमधून. सुई खाली जाऊन वर निघताना दोऱ्याचा एक फास सुटतो, खालचं शटल तो पकडून बॉबिनभोवती फिरवतं आणि दोन्ही दोरे कापडाच्या बरोबर मध्यावर एकमेकांत अडकतात. वरचा ताण जास्त झाला तर खालचा दोरा वर दिसतो, कमी झाला तर खाली घरटं होतं. दोन थ्रेड एकमेकांत अडकले की आमच्याकडे रात्री दोनला फोन येतो. इथे त्यालाच टाका म्हणतात.

दुसरा धडा कापडानं दिला. वर्ध्याच्या मगन संग्रहालयातून आणलेली झाडांच्या रंगात रंगवलेली खादी मी न भिजवता बेतली. पहिल्या धुण्यात कुर्ता ट्यूनिक झाला. आता कापड घरात आलं की आधी रात्रभर बादलीत. आणि महागाच्या कापडाला कात्री लावण्याआधी मांजरपाटाचा एक नमुना शिवून बघायचा. तो अंगात घालून हात वर करायचे, वाकायचं, खुर्चीत बसून लॅपटॉपवर टाईप करायचं. उभ्यानं छान दिसणारा कुर्ता टाईप करताना पाठीत काचतो, हे कुठल्याही ट्रायल रूममध्ये कळत नाही.

वेळेचं सगळेच विचारतात. माझा एक कुर्ता सव्वासहा तासांत होतो. सलग सव्वासहा तास मला कोणी देत नाही, रविवारीसुद्धा. म्हणून कुर्त्याचे तुकडे करते. एका रात्री फक्त कागद कापायचा, एका रात्री खांदे जोडायचे, एका रात्री एकच बाही. जेवणानंतर पंचवीस-तीस मिनिटं, कारण दहानंतर पायमशीनची घरघर खालच्या काकांच्या छतातून उतरते. खालच्या घेराची हातशिलाई मेट्रोत. आठवडा-दीड आठवड्यात एक होतो. ज्या महिन्यात रिलीज असते त्या महिन्यात एकही होत नाही, आणि मला आता त्याचं काही वाटत नाही.

पैसे वाचतात का? अजिबात नाही. अडीच मीटर बरं सुती कापड, गांधीबागेत घासाघीस करून घेतलं तरी साडेचारशे-पाचशेला पडतं. दोरा, चिकटपट्टी, बटणं वेगळी. सेलमध्ये आख्खा कुर्ता ५९९ ला मिळतो. मिळतं ते दुसरंच. माझे खांदे मीडियममध्ये बसतात, कंबर लार्जमध्ये आणि हात बहुधा कुणा दुसऱ्याच बाईचे आहेत. चाळिशीपर्यंत मला वाटत होतं की दोष माझ्या अंगात आहे. आणि खिसे! दोन्ही बाजूंना, फोन आख्खा आत जाईल असे. आयडी कार्ड, फोन, रुमाल, सगळं अंगावर आणि हात मोकळे. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा मी शिवत राहीन.

आणि उन्हाळा. मे २०१३ मध्ये आपल्याकडे ४७.९ अंश नोंदले गेले होते. मे २०२४ मध्ये तर एका स्वयंचलित केंद्रानं ५६ दाखवले आणि देशभर बातमी झाली. नंतर हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. (सेन्सरवर विश्वास ठेवण्याआधी शेजारचा सेन्सर बघावा, हे आमच्या क्षेत्रातही कोणी ऐकत नाही.) तो आकडा चुकीचा असला तरी त्या दिवसांत पॉलिएस्टर मिसळलेला कुर्ता घालून मिहानच्या बसथांब्यावर उभं राहून बघा. मी सैल मुंढ्याचा, पातळ खादीचा, पाठीवर एकही जोड नसलेला कुर्ता त्यासाठीच बसवला. कमी पन्ह्याच्या कापडात तो बसवायला तीन वेळा कागद कापावा लागला.

त्या वर्ध्याच्या फेरीत सेवाग्रामलाही गेलो होतो, आईला घेऊन. येताना गाडीत मी तिला सांगितलं, की यंत्रांवर एवढी टीका करणाऱ्या गांधींनी एका यंत्राला मात्र अपवाद केला होता, शिवणयंत्राला. १९२४ मध्ये कुणीतरी विचारल्यावर ते म्हणाले होते, की बायकोला हातानं शिवत बसावं लागतं हे बघवेना म्हणून सिंगरनं ते प्रेमापोटी केलं. (प्रत्यक्षात सिंगरसाहेबांचे एकाच वेळी अनेक संसार चालू होते, पण ते असो.)

आई थोडा वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे शिवायचं तर बायकोलाच होतं ना!"

यावर मी काय बोलणार.

या गावात कापडाचा विषय तसा साधा नाहीच. १ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं जाहीर झालं त्याच दिवशी, जमशेटजी टाटांनी इथे एम्प्रेस मिल सुरू केली. कारण सरळ होतं, कापूस इथलाच. शतकाहून जास्त काळ ती चालली. आज त्या जागेवर मॉल आहे. तिथल्या एका दुकानातून मी गेल्या वर्षी एक सेलमधला कुर्ता आणला, शिवायला वेळ नव्हता म्हणून. घरी आल्यावर आईनं तो हातात घेतला, उलटा केला आणि चष्मा लावून आतल्या शिवणी बघायला लागली. खांदे दोन, बाजू दोन, बाह्या जोडलेल्या, गळ्याला पट्टी, सगळीकडे ओव्हरलॉक.

"पाचशे नव्याण्णवला? दुकानदाराचं गेलं, कापडाचं गेलं. शिवणाऱ्या बाईला काय उरलं असंल गं?"

मी म्हटलं, मशीनवर होतं आई ते, फॅक्टरीत. ती म्हणाली, "मीपण मशीनवरच शिवत होती."

ती बरोबर होती, मला नंतर वाचून कळलं. कापड विणणं कधीच यंत्राकडे गेलं, पण कपडा शिवणं अजूनही जवळपास सगळं माणसाच्या हातातच आहे. कापड मऊ असतं, सरकतं, ताणतं. रोबोटला पत्रा धरता येतो, मलमल धरता येत नाही. त्यामुळे सेलमधल्या प्रत्येक कुर्त्यामागे कुणीतरी खुर्चीत वाकून बसलेलं असतं. ज्या गोष्टीत मी गंमत शोधत होते ती आईसाठी १५ रुपये नग होती, आणि मी चादर काढली तेव्हा तिला तीच खुर्ची दिसली असणार. मी तिला कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं. ती म्हणाली, "पाय अजून झोपेत हलतात कधी कधी." एवढंच.

पण त्यानंतर काहीतरी सैल झालं. एका रात्री मी बाही लावत होते, तिसऱ्यांदा. खांद्यावर चुण्या येतच होत्या. आई पाणी प्यायला उठली होती. तिनं माझ्या हातातून ते काढून घेतलं, सगळं उसवलं आणि म्हणाली, "मुंढा चुकलाय. पुढचा जास्त खोल पाहिजे, मागचा कमी. हात पुढे जातो माणसाचा, मागे नाही जात." चौदा मिनिटांत बाही बसली. मी घड्याळ लावलं होतं. मग ती आत गेली आणि तिची मापांची वही घेऊन आली.

ती वही मी आख्खी वाचली. आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायका त्यात होत्या. कुणाचा गळा मोठा चालत नाही, कुणाला पोटाशी सैल लागतं, कुणाचं माप बाळंतपणानंतर खोडून नव्यानं लिहिलंय. एकीच्या नावापुढे 'पैसे मागू नये' असं. मी आईचं पान शोधत होते. ते नव्हतंच. "माझं कशाला लिहू? उरलेल्या तुकड्यात होईल तसं शिवायची."

म्हणून यंदा पहिल्यांदा तिचं माप घेतलं. ती खूप वेळ नाही म्हणत होती, मग भिंतीशी ताठ उभी राहिली, शाळेतल्या मुलीसारखी. उजवा खांदा डाव्यापेक्षा पाऊण इंच खाली आहे. दोन बाजूंचे कागद वेगळे कापावे लागले. अस्तराचा ब्लाऊज, फिकट जांभळा, कापड तिनंच निवडलं. मांजरपाटाचा नमुना घालून ती आरशासमोर दोन मिनिटं होती. बाहेर आली आणि म्हणाली, "गळा मागून अर्धा इंच वर घे. आणि बगलेत दोरा सोड, पुढे-मागे कामी येतो."

ब्लाऊज शिवून झालाय. हुकं तेवढी राहिली आहेत. ती ती मला लावू देत नाही, म्हणते तुझी हुकं सुटतात. आत्ता गॅलरीत उजेडाला बसून स्वतःच लावते आहे. उद्या सोमवार, रात्री रिलीज आहे, म्हणजे तिला तो घालून कुठे घेऊन जायचं ते मंगळवारनंतर बघू.