तंबूतील लय आणि तिकिटाचे मोल

कोल्हापुरात सर्कशीचा तंबू लागला, की आमच्या शाहूवाडी तालुक्यातील पालकमंडळी मजकडे एक चौकशी घेऊन येतात. “गुरुजी, पोरास्नी घिऊन जावावं म्हणतोय, पैसं फिटतील न्हवं?” मी मलकापुरात, म्हणजे विशाळगडच्या प्रतिनिधींच्या जहागिरीच्या जुन्या ठाण्यात, तबला शिकवितो, सर्कशीच्या नफ्यातोट्याशी माझा संबंध काय, असे परक्यास वाटेल, परंतु तरुणपणी एका फिरत्या सर्कशीच्या बँडमध्ये मी काही काळ साइड ड्रम वाजविला होता, ही गोष्ट गावात सर्वश्रुत असल्यामुळे या बाबतीतील पंचाचे काम अनायासे माझ्या गळ्यात पडले आहे. पूर्वी वाघ किती नि हत्ती किती, एवढे सांगितले की निवाडा होत असे. आता जनावरे गेली आणि जाहिरातीत त्यांची जागा संगीताने घेतली. एखाद्या गायकाच्या किंवा वाद्यवृंदाच्या गाण्यांवर सबंध खेळ गुंफावयाचा, कसरती त्या गाण्यांच्या ओघात बसवावयाच्या आणि तिकिटाचा दर मात्र जलशाचा ठेवावयाचा, ही वहिवाट जगभर रूढ होत चालली आहे. असे तिकीट काढावे किंवा कसे, या प्रश्नाला माझे उत्तर एका प्रतिप्रश्नाचे असते: त्या तंबूत वाजविणारा माणूस हजर आहे काय, आणि असल्यास वाजविताना त्याची नजर कोठे असते?

सर्कस आणि संगीत यांचा शेजार आमच्या जिल्ह्यास मुळीच नवखा नाही. हिंदी सर्कशीचे आद्य प्रवर्तक विष्णुपंत छत्रे हे अंकलखोपचे. कुरुंदवाडच्या पटवर्धनांच्या पागेवर त्यांनी चाकरी केली, आणि चिअरिनी या इटालियन सर्कसवाल्याचे खेळ मुंबईत पाहून १८८० च्या सुमारास आपली ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली, ही हकीकत बहुतेकांच्या वाचनात आलेली असते. पण याच विष्णुपंतांनी ग्वाल्हेरीस राहून एकीकडे घोडा फिरविण्याची विद्या आणि दुसरीकडे हद्दूखाँसाहेबांकडे ख्यालाची तालीम घेतली होती, आणि पुढे सर्कशीची भरभराट झाल्यावर आपल्या उस्तादांच्या मुलास, रहिमतखाँसाहेबांस, हलाखीतून उचलून सन्मानाने आपल्या पदरी ठेवले, याचे स्मरण सर्कशीच्या इतिहासात क्वचितच केले जाते. सर्कशीचा मुक्काम जेथे पडे तेथे खाँसाहेबांच्या मैफली होत. विष्णुपंत १९०५ मध्ये निवर्तल्यावरही त्यांचे बंधू काशिनाथपंत यांनी हा सांभाळ खंडित होऊ दिला नाही, आणि ‘भूगंधर्व’ म्हणून गाजलेल्या या गवयाने १९२२ मध्ये देह ठेवला तो कुरुंदवाडातच. रिंगणात धावणाऱ्या घोड्यांच्या टापांवर मिळविलेला पैसा ग्वाल्हेर गायकीच्या एका थोर वारसाच्या योगक्षेमास लागावा, असा जमाखर्च जगातील दुसऱ्या एखाद्या सर्कशीच्या दफ्तरात सापडेल असे मला वाटत नाही.

तथापि खाँसाहेबांची मैफल आणि रिंगणातील वादन या दोहोंचा धर्म अगदी भिन्न आहे, आणि तिकिटाचा विचार करणाराने हा भेद प्रथम ध्यानात घेतला पाहिजे. मैफलीत लय गवयाच्या मर्जीची असते. तो ठरवील तेव्हा ती वाढते, तो म्हणेल तेव्हा समेवर विसावते. रिंगणात लय ठरविण्याचा अधिकार वादकास नसतो. तो असतो घोड्याच्या छातीस, झुल्याच्या दोरीस आणि कसरतपटूच्या श्वासास. फिलिप ॲस्टले याने लंडनमध्ये १७६८ पासून घोड्यांचे खेळ मांडले आणि पुढे रिंगणाचा जो व्यास कायम केला तो बेचाळीस फुटांचा, सुमारे तेरा मीटरांचा. घोडा एवढ्या वर्तुळात ठरावीक दौडीने फिरू लागला की आत किंचित कलतो आणि त्याच्या पाठीवर उभा राहिलेला स्वार तोल सांभाळू शकतो, असा अनुभव त्यामागे होता. त्या दौडीची लय एकदा लागली की बँडने तिला धरून वाजवावयाचे. प्रेक्षकास वाटते की घोडा बाजाच्या तालावर नाचतो आहे. वस्तुस्थिती अशी, की बँडमास्तर डोळ्यांत तेल घालून घोड्याच्या पायांकडे पाहत असतो, घोडा अर्धी मात्रा मागे पडला की सबंध बँडला अर्धी मात्रा मागे ओढतो, आणि ही लबाडी इतक्या सफाईने करतो की सगळे श्रेय घोड्यास मिळते.

झुल्याचे प्रकरण याहूनही कडक. घोड्यास निदान टाच मारून हाकता येते. टांगलेल्या दोरीस कोणाचाच मुलाहिजा नाही. झुल्याची दोरी बारा फुटांची असेल, तर त्याच्या एका पूर्ण हेलकाव्यास पावणेचार ते चार सेकंद लागणार. झुलणारी पोर हलकी असो वा तिला झेलणारा गडी वजनदार असो, त्यात म्हणण्यासारखा फरक पडत नाही, कारण तो काळ दोरीची लांबी आणि पृथ्वीचे आकर्षण यांनी परस्पर ठरवून टाकलेला असतो. म्हणूनच झुल्याच्या खेळाला युरोपात तीन मात्रांच्या वॉल्ट्झची आणि आपल्याकडे दादऱ्याच्या अंगाने जाणाऱ्या चालीची सोबत शोभते: जाताना एक आवर्तन, येताना एक आवर्तन, आणि मधल्या निमिषार्धात, जेथे झुला उंचीच्या टोकास जाऊन क्षणभर स्थिरावतो, तेथे उडी.

त्या उडीच्या वेळी ड्रमवाल्याने काय करावयाचे, ते मला एका वयस्क वादकाने शिकविले. साइड ड्रमच्या खालच्या कातड्यास लगटून तारा ताणलेल्या असतात. काडी वरच्या कातड्यावर आपटून न उचलता हलकेच दाबून सोडली की ती आपोआप अनेक वार टिपटिपते, आणि दोन्ही हातांचे हे टिपटिपणे एकमेकांत मिसळले की जो अखंड सरसराट निघतो त्यास आम्ही ‘रोल’ म्हणत असू. नवशिका हा रोल उडी पूर्ण होईपर्यंत चालू ठेवतो. जाणता वादक मुलीची बोटे दांडीवरून सुटतात त्याच क्षणी काड्या उचलतो. ती हवेत असेतो तंबूत काही म्हणजे काही वाजत नाही, आणि झेलणाराच्या मुठीत तिची मनगटे आल्याबरोबर झांज कडाडते. हात चुकला आणि ती जाळीत पडली, तर झांज वाजतच नाही. त्याऐवजी बँड तत्काळ एखादी खेळकर चाल उचलतो, की प्रेक्षकांनी घाबरू नये आणि तिने पुन्हा शिडी चढावी. हा निर्णय घेण्यास वादकापाशी फार तर एक मात्रेचा अवकाश असतो, आणि तो ज्याला घेता येतो तो माणूस तिकिटाच्या किमतीतील सर्वांत मोठा ऐवज होय.

ही विद्या विलायतेहून आली असे मात्र कोणी समजू नये. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात, जे राजर्षी शाहू महाराजांच्या कारकीर्दीत १९१२ मध्ये सिद्ध झाले, कुस्ती पाहणाऱ्यास हलगीवाला काय करतो हे सांगावयास नको. मल्ल सलामी देऊन खडाखडीस लागले की हलगी संथपणे त्यांच्या पावलांबरोबर फिरते. पट काढण्यासाठी एकाचा खांदा किंचित खाली गेला, की डाव पडण्यापूर्वीच हलगीवाल्याच्या काड्यांस ते उमगलेले असते. आमच्याकडील मर्दानी खेळांतही हलगी, घुमके आणि कैताळ यांचा ताफा लाठी फिरविणाराच्या मनगटावर नजर ठेवून वाजतो. डोंबाऱ्याच्या खेळात पोर दोरावर चालत असते आणि खाली ढोलके वाजविणारा बाप गर्दीकडे पाठ करून तिच्या पावलांकडे पाहत असतो. त्या बापाला सर्कशीचे शास्त्र कोणी शिकविले नव्हते. पण संगीताने शरीरामागे चालावयाचे असते, हा त्याचा पहिला नियम त्याने पोटासाठी आत्मसात केला होता.

हजर वादकाची किंमत किती असते, याचा एक दाखला अमेरिकेतील आहे. आपले पुण्याचे दामू धोत्रे ज्या रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीत वाघसिंहांचे खेळ करून नावारूपास आले, तिच्या तंबूस ६ जुलै १९४४ रोजी हार्टफर्ड गावी भर खेळात आग लागली. बँडमास्तर मर्ल इव्हान्स याची नजर रिवाजाप्रमाणे रिंगणावर आणि तंबूवर होती; ज्वाळा दिसताच त्याने चालू चाल तोडून सूझाचे एक प्रसिद्ध कूचगीत सुरू केले. सर्कशीच्या लोकांत ते गीत संकटाची खूण म्हणून ठरलेले होते, आणि ते ऐकताच कलावंत व नोकर प्रेक्षकांस बाहेर काढण्यासाठी धावले. त्या आगीत दीडशेहून अधिक माणसे दगावली. बँड वाजलाच नसता तर तो आकडा कोठे गेला असता, याची कल्पना करवत नाही. ध्वनिमुद्रित फितीने त्या दुपारी आपले गाणे निष्ठेने शेवटपर्यंत वाजविले असते.

आता गाण्यांवर बेतलेल्या खेळांकडे वळतो. या प्रकारातील सर्वांत गाजलेला खेळ म्हणजे सर्क द्यू सोलेय या कॅनेडियन मंडळीचा ‘लव्ह’. बीटल्सच्या गाण्यांवर रचलेला हा खेळ लास व्हेगासमध्ये २००६ पासून २०२४ पर्यंत, तब्बल अठरा वर्षे, चालला. तेथे गाणी मूळ ध्वनिमुद्रणांतून घेऊन जॉर्ज मार्टिन व त्यांचे चिरंजीव जाइल्स यांनी नव्याने जुळविली होती. बीटल्सचे आवाज पुन्हा जिवंत उभे करणे शक्य नसल्यामुळे तेथे शरीरास फितीमागे चालणे भागच होते. माझा नियम खरा असता तर हा खेळ महिन्याभरात आटोपावयास हवा होता, असा आक्षेप येथे कोणी घेईल, आणि तो रास्त आहे. पण लोक तेथे पैसे मोजीत ते प्राधान्याने गाण्यांसाठी. ती गाणी त्यांच्या आयुष्यात आधीच मुरलेली होती, आणि कसरती हे त्या स्मरणाला चढविलेले अलंकार होते. मैफल म्हणून त्याचे मोल निर्विवाद. सर्कस म्हणून त्याचा हिशेब निराळा करावा लागतो. याच मंडळीच्या बहुतेक फिरत्या खेळांत मात्र वादक प्रत्यक्ष हजर असतात, आणि झुला एक हेलकावा जास्त घेणार असे दिसले की तेही एक आवर्तन वाढवितात. २०१८ च्या नोव्हेंबरात त्यांनी ‘बझार’ हा खेळ मुंबईत आणला, तेव्हापासून अशा भव्य खेळांची आणि तितक्याच भव्य दरांची ओळख मराठी प्रेक्षकासही झालेली आहे.

आपल्या तंबूची स्थिती त्याहून बिकट आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १९९८ च्या अधिसूचनेने वाघ, सिंह, बिबटे, अस्वले आणि माकडे यांचे खेळ बंद केले आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. २०११ मध्ये त्याच न्यायालयाने लहान मुलांस सर्कशीत कामास ठेवण्याची मनाई केली. दोन्ही निर्णय न्याय्यच होते. परंतु त्यानंतर सर्कशीपाशी मुख्यत्वे शिल्लक राहिले ते मोठ्या माणसाचे शरीर आणि बँड. त्यांतही काटकसरीची पहिली कुऱ्हाड पडली ती बँडवर, कारण बारा वादकांचा पगार आणि शिधा यांच्यापुढे ध्वनिवर्धक फारच स्वस्त. सरकारची गंमत अशी, की वस्तू व सेवा कराच्या माफीत सर्कस, नृत्य, नाटक आणि संगीताचा कार्यक्रम यांस एकाच कलमात बसविले आहे, आणि २०१८ च्या जानेवारीपासून माणशी पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटास ही माफी लागू केली आहे. कायद्याने ज्यांस एका पंक्तीस बसविले, त्यांतील संगीतास तंबूच्या मालकांनीच पंक्तीतून उठवून लावावे, आणि वर ‘संगीतमय’ अशी पाटी लावावी, हा व्यवहार मला उफराटा वाटतो.

तेव्हा शाहूवाडीच्या माणसाने हिशेब असा करावा. तिकीट हा खर्चाचा एक भाग झाला. आंब्यापासून किंवा मलकापुरापासून कोल्हापूर गाठावयाचे म्हणजे एस.टी.चे भाडे, त्यात २०२३ पासून बायामाणसांस अर्ध्या भाड्याची सवलत, मुलांचे खाणेपिणे, आणि रात्रीच्या खेळाहून परतताना गाडी चुकली तर जीपवाल्याची मनधरणी. एवढा खर्च करून ध्वनिवर्धकावरील चित्रपटगीतेच ऐकावयाची असतील, तर ती गावातील वरातीत फुकट ऐकावयास मिळतात. म्हणून तंबूच्या खिडकीवर पैसे देण्यापूर्वी निःसंकोच विचारावे, की बँड आहे काय. ‘आहे’ असे उत्तर आले, मग तो चार माणसांचा का असेना, तर गॅलरीचे तिकीट डोळे झाकून काढावे. कलावंतांच्या दारावरील पडद्याच्या वर माचावर बसलेले वादक आणि रिंगण ही दोन्ही एका दृष्टिक्षेपात येतील अशी, म्हणजे कलावंतांच्या प्रवेशद्वारासमोरची जागा धरावी, आणि मुलांस सांगावे की झुला सुरू झाला की एकदा झुल्याकडे व एकदा ड्रमवाल्याकडे पाहा. ‘नाही’ असे उत्तर आल्यास निम्म्याहून अधिक दर देऊ नये; झुलणाऱ्या पोरीची मेहनत पुरी असते, परंतु ती तेथे एकटीने करावी लागते, आणि तिच्या उडीच्या वेळी थांबावयाचे कोठे हे यंत्रास ठाऊक नसते.

माझे हे परिमाण चारपाच वादकांच्या दरिद्री बँडला झुकते माप देते, असा आरोप माझे विद्यार्थी करतात, आणि तो मला मान्य आहे. बेसूर क्लॅरिनेट आणि ढिला ड्रम घेऊनही ते वादक समोरच्या जिवाकडे पाहून वाजवितात. लक्षावधी रुपयांची ध्वनिव्यवस्था कोणाकडेच पाहत नाही. विष्णुपंतांनी सर्कशीचे पैसे संगीताला दिले. आज सर्कशीला संगीताचे पैसे हवे असतील, तर तिने आधी वादकांचा पगार काढावा. तो काढणाऱ्या तंबूसाठी मलकापुराहून दोन तासांचा प्रवास करण्यास मी कोणासही बिनदिक्कत सांगेन.