अपील झालेच नाही

समाजाच्या क्रिकेट स्पर्धेत गेली कित्येक वर्षे एकच गृहस्थ पंच म्हणून उभे राहतात. चाटी गल्लीत त्यांचा कापडाचा व्यापार. तरुणपणी ते लेदर बॉलवर खेळलेले असल्याने नियमांचे पुस्तक आजही गल्ल्याशेजारी असते.

खेळ एकच, पण पातळीगणिक त्याचा न्याय बदलतो, हे त्यांचे आवडते निरीक्षण. गल्लीत एका टप्प्यानंतर एका हाताने झेल घेतला तरी फलंदाज बाद. टेनिस बॉलच्या सामन्यात बहुधा पायचीत नसतेच. पंच फलंदाजी करणाऱ्या संघाचाच, त्याच्यावर एवढा भरवसा कोण टाकणार? जानेवारी 2024 मध्ये सोलापुरात महाराष्ट्र-मणिपूर रणजी सामना झाला, तेथे मैदानावरील पंचाच्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्याची सोय नव्हती. कसोटीत मात्र प्रत्येक डावात तीन दादी फुकट जाईपर्यंत ती मागता येते. 1992 साली दरबानला सचिन तेंडुलकर धावबाद झाला, तो तिसऱ्या पंचाने चित्रफीत पाहून बाद दिलेला पहिला फलंदाज. यजमान देशाचे पंच घरच्या संघाकडे झुकतात ही तर जुनीच तक्रार. म्हणूनच 1986 मध्ये पाकिस्तान-वेस्ट इंडीज लाहोर कसोटीला पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी हे दोन भारतीय पंच बोलावले गेले.

नियमपुस्तकातील 31 वा नियम मात्र शाळेच्या सामन्यालाही तोच आणि कसोटीलाही तोच : क्षेत्ररक्षकांनी अपील केल्यावाचून पंचाने बाद द्यायचे नाही. फलंदाज स्वतःहून तंबूत परतला तर गोष्ट निराळी.

गेल्या हंगामात त्यांचा तेरा वर्षांचा नातू फलंदाजीला होता. चेंडू बॅटची कड हलकेच घेऊन यष्टिरक्षकाच्या हातात गेला. तो सूक्ष्म आवाज पंचांनी स्पष्ट ऐकला. गोलंदाज पाठ फिरवून चालू लागला होता. यष्टिरक्षकानेही चेंडू मुकाट्याने परत फेकला. अपील झालेच नाही. नातू क्षणभर आजोबांकडे पाहत राहिला, मग त्याने पुन्हा पवित्रा घेतला. त्यानंतर त्याने एकवीस धावा केल्या आणि सामना त्याच्या संघाने चार धावांनी जिंकला.

सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकली. पान उचलता उचलता आजोबांनी विचारले, “बॅटला लागला होता ना?”

“हो. पण कुणी विचारलंच नाही.”

गिऱ्हाईक विचारत नाही म्हणून कापडातला दोष झाकायचा नाही, हे याच घरात तो ऐकत आला होता. आजोबा ते बोलणार, एवढ्यात त्यानेच विचारले, “तुम्हालाही ऐकू आलं होतं ना? मग बोट का नाही वर केलं?”

त्यांनी पुस्तक आणून 31 वा नियम वाचून दाखवला. नातवाने तो लक्षपूर्वक ऐकला, पण त्याचे समाधान झालेले दिसले नाही. त्यांचेही झाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आयोजकांना दूरध्वनी केला : नातवाच्या संघाचा सामना असेल तेव्हा पंच म्हणून दुसरे कोणी पाहावे. आयोजकांनी ते तत्काळ मान्य केले. मात्र पुढच्या रविवारी दुसरा पंच मिळाला नाही.