क्लीनरच्या जागेवरून

ट्रकची आणि आपली ओळख बहुधा पाठीमागूनच असते. एस.टी.तून जाताना पुढच्या ट्रकच्या फळीवरची अक्षरे वाचायची, मालकाच्या मुलांची नावे पाहायची, कुठल्या देवाची कृपा आहे याची नोंद घ्यायची आणि बाजू मिळाली की सारे विसरून जायचे. 'हॉर्न ओके प्लीज' या तीन शब्दांवर महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५ साली बंदी घातली, तरी ते शब्द अजून रस्तोरस्ती भेटतात. पण त्या फळीच्या पुढे, भरलेल्या मालाच्याही पुढे, काचेमागे जो माणूस बसलेला असतो त्याचे तोंड आपल्याला दिसत नाही. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ते मला दोन रात्री आणि दोन दिवस अगदी जवळून पाहायला मिळाले.

तो माणूस माझा बालमित्र. "माझं नाव छापू नको," असे त्याने बजावले आहे. गल्लीत त्याला सगळे 'पैलवान' म्हणतात. अंगाने काडी आहे म्हणून. अकरावीपासून आम्ही एका बाकावर बसलो. बी.ए. भाग एकला मराठीत त्याला माझ्याहून अधिक गुण होते आणि त्याचा निबंध सरांनी वर्गात वाचून दाखवला होता. पुढल्या वर्षी त्याच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला. भाग दोनची फी भरायची की धाकट्या बहिणीची, असा प्रश्न घरात निघाला. तो त्याने कुणाला न विचारता सोडवला. वह्या बांधून माळ्यावर टाकल्या आणि एका ट्रकवर क्लीनर म्हणून लागला. कायद्याने वीस वर्षे पुरी झाल्यावाचून मालवाहू गाडी हाती मिळत नाही. ती झाली आणि तो ड्रायव्हर झाला. मी आज एम.ए.ला आहे. तो दहा चाकी चालवतो.

पाडव्याला कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचे मुहूर्ताचे सौदे होतात आणि हंगाम सुरू होतो. आमच्या गुळाचे मोठे गिऱ्हाईक गुजरात. पाडव्यानंतर तिसऱ्या दिवशी पैलवान घरी आला आणि म्हणाला, "क्लीनर दिवाळीला गावाकडं गेलाय. अहमदाबादची खेप हाय. येतोस का?"

"मला काय येतंय त्यातलं?"

"बोलाय येतंय न्हवं? बास झालं."

त्या बोलण्याचा अर्थ मला मध्यरात्रीनंतर कळला.

संध्याकाळी हमालांनी रवे भरले, त्यावर ताडपत्री चढली, दोर आवळले गेले. दहा चाकी गाडीचे मालासकट वजन २०१८ पासून साडेअठ्ठावीस टनांपर्यंत चालते. म्हणजे आमच्या पाठीशी अठरा-एकोणीस टन गूळ होता. पैलवानाने टॉमी माझ्या हाती दिली आणि एकेका चाकावर मारून आवाज ऐकायला सांगितले. हवा भरलेले चाक टणक आवाज देते, कमी हवेचे बद्द वाजते. तबलजीने शाईवर बोट मारावे तसा मी दहाही चाकांभोवती फिरलो. मग अंबाबाईच्या फोटोला उदबत्ती झाली आणि गाडी शिरोलीच्या पुलावरून पंचगंगा ओलांडून महामार्गाला लागली.

किणी, तासवडे, आनेवाडी असे टोलनाके मागे पडत गेले. २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाल्याने तिथे कुणी कुणाशी बोलत नाही. दांडा उठतो आणि मालकाच्या खात्यातून पैसे जातात. जुने ड्रायव्हर सांगतात, पूर्वी नाक्यानाक्यावर जकात, विक्रीकर आणि त्यापायी रात्र रात्र रांगा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि ते नाके गेले. "मग आता जरा निवांत असंल?" मी विचारले. पैलवान म्हणाला, "निवांत कशाचं? रांगंत झोप तरी व्हायची. आता तेवढ्या वेळात अजून एक खेप."

खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावरच्या इंग्रजी 'एस'सारख्या वळणावर त्याने बोलणे थांबवले. ते वळण पार होईपर्यंत मीही श्वास धरून होतो. पण खरी परीक्षा पुढे होती. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडले की नवले पुलापर्यंत रस्ता सलग उतरत जातो. वर्तमानपत्रातून त्या उताराचे नाव आपण अपघातांच्या बातम्यांतच वाचतो. पैलवानाने गाडी खालच्या गिअरमध्ये घातली. इंजिन गुरगुरू लागले, वेग बैलगाडीचा. मागचा ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न मारू लागला.

"जरा सोड की," मी म्हटले.

"बग, हितं लोक डिझेल वाचवाय गाडी न्यूट्रल करत्यात. काहीजण इंजिनच बंद करत्यात. ब्रेक हवंवर चालतोय. हवा भरतोय कंप्रेसर, आन कंप्रेसर फिरवतंय इंजिन. इंजिन बंद म्हंजे नवी हवा बंद. चार-पाच डाव दाबला की टाकी रिकामी. इंजिन चालू ठिवलं तरी न्यूट्रलला सगळा भार ब्रेकवर; ड्रम तापत्यात आन ब्रेक लागायचा बंद होतोय. मग म्होरं कोण हाय ते गाडी इचारत न्हाई."

हे तो इतक्या शांतपणे सांगत होता की सर वर्गात फळ्याशी उभे राहून काही समजावत आहेत असे मला वाटले. मागचा ट्रक संतापाने बाजू काढून पुढे गेला. वाचलेले डिझेल काही ठिकाणी ड्रायव्हरच्या खिशात जाते, काही ठिकाणी मालक मोजूनच देतो. दोन्हीकडे उतार तोच.

खाली उतरून आम्ही चहा घेतला. रात्रीचे बारा वाजून गेले होते. गाडी पुन्हा सुरू झाली तेव्हा तो म्हणाला, "आता तुझं काम. बोल. थांबायचं न्हाई. एक ते चार ही येळ लई वाईट. वर्गात काय शिकवलं त्ये सांग."

द्रुतगती मार्गावर, अंधारात, मी भरताचा रससिद्धान्त सांगू लागलो. विभाव, अनुभाव, आठ स्थायीभाव, आठ रस. नववा शांतरस अभिनवगुप्ताने मांडून ठेवलेला. मग तेहतीस व्यभिचारी भाव सुरू केले. चिंता, श्रम, आलस्य, निद्रा... तो हसला. "थांब. ह्यातलं किती माझ्यापाशी हाईत त्ये मोज आधी." मग बराच वेळ गप्प राहून म्हणाला, "पर एक सांगू? मघाशी उतारावर भ्या वाटत हुतं, तवा रस-बिस काय न्हवता. खाली येऊन चहा पिताना मागचं आठवलं, तवा जरा गोडी आली. म्हंजे भीती न्यारी आन भयानक रस न्यारा. असंच हाय न्हवं?"

हेच समजावून द्यायला आमचे दोन तास गेले होते. प्रत्यक्षातला भाव आणि काव्यातला रस यांतले अंतर, साधारणीकरण, सारे काही. मी 'होय' म्हटले आणि खिडकीबाहेर पाहू लागलो. खंडाळ्याच्या घाटात पूर्वी अमृतांजन पूल होता. १८३० सालचा तो पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला. त्या जागेवरून जाताना पैलवान पुन्हा खालच्या गिअरमध्ये होता.

ठाण्यातून अवजड गाड्यांना ठरावीक वेळीच सोडतात. ती वेळ होईपर्यंत आम्ही कळंबोलीला थांबलो. तो सीटमागच्या फळीवर आडवा झाला आणि मिनिटभरात झोपला. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती असे लिहिलेले होते. उठल्यावर मी त्याला ते सांगितले. त्याने तोंड धुता धुता विचारले, "मग उरलेल्या तासांत गाडी कोण चालवतंय म्हनतोस?"

वसईची खाडी ओलांडली, मनोर मागे पडले आणि चारोटीच्या अलीकडे अवेळी पाऊस आला. गूळ आणि पाणी यांचे वैर. रवा भिजला की त्याला पाणी सुटते, रंग काळवंडतो आणि भाव पडतो. पैलवानाने गाडी कडेला घेतली. आम्ही दोघे वर चढलो. वाऱ्याने ताडपत्रीचे एक टोक सुटले होते. तो त्या टोकावर पालथा पडून राहिला आणि मी दोर आवळत गेलो. शेजारून गाड्या भरधाव जात होत्या, त्यांच्या दिव्यांत त्याची भिजलेली पाठ क्षणभर दिसे आणि पुन्हा अंधार होई. अर्ध्या तासाने खाली उतरलो तेव्हा माझे तळहात सोलले होते. त्याने ते पाहिले आणि डब्यातली हळद काढून दिली. म्हणाला काही नाही.

तलासरी, भिलाड, वापी, सुरत. पहाटे भरूचला नर्मदा आली. तिथे २०१७ साली नवा पूल झाला. त्याआधी या नदीअलीकडे ट्रक तासन्‌तास अडकून पडत. पैलवानाने चालत्या गाडीतूनच नदीला हात जोडले आणि एक नाणे माझ्याकडून टाकवले.

अहमदाबादेत पेढीवर माल उतरला. चार रवे कडेला भिजलेले निघाले. व्यापाऱ्याने त्यांचे पैसे भाड्यातून कापले. मालक ते ड्रायव्हरच्या भत्त्यातून कापणार हे उघड होते. मी पावसाबद्दल बोलू लागलो तसा पैलवानाने माझा दंड धरला. "राहू दे. उद्या परत ह्येंच्याच दारात यायचंय."

परतीचे भाडे मिळायला दोन दिवस लागणार होते, म्हणून मला त्याने रेल्वे स्टेशनवर सोडले. गाडी यायला अवकाश होता. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर तो अचानक म्हणाला, "भाग दोनचे बहिस्थ फॉर्म कधी सुटत्यात?"

मी गावी येताच शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्रात चौकशी केली. फॉर्म भरला आहे. त्याच्या बहिणीने माळ्यावरच्या वह्या काढून उन्हात घातल्या. माझी टिपणे त्याच्या गाडीत, कागदपत्रांच्या कप्प्यात आहेत. विमा, फिटनेस, पीयूसी आणि रससिद्धान्त असे एकत्र. अडचण एवढीच, की परीक्षा पडतात उन्हाळ्याच्या तोंडाला आणि गुळाच्या खेपा तेव्हाही चालूच असतात. पेपराच्या दिवशी तो केंद्रावर असेल की भरूचच्या पुलावर, हे त्याच्या हातात नाही. मालकाला आम्ही दोघे मिळून विचारणार आहोत. तोवर तो रोज रात्री एकच्या सुमारास मला फोन करतो. मी उठतो, दिवा लावतो आणि पुढचे प्रकरण वाचायला सुरुवात करतो. मधून मधून पलीकडून "हं" असा आवाज यावा लागतो. तो आला नाही, की मी मोठ्याने त्याचे नाव घेऊन हाक मारतो.