मांडीची कंडरा हाडापासून सुटते तेव्हा

मांडीच्या मागच्या बाजूला तीन स्नायूंचा जो जुडगा असतो, त्याला खेळाडू हॅमस्ट्रिंग म्हणतात. बसताना ज्या हाडावर शरीराचा भार येतो, त्या बैठकीच्या हाडापासून तो निघतो आणि गुडघ्याखाली जाऊन चिकटतो. धावताना पाऊल टेकण्याच्या जरा आधी त्याच्यावर सर्वांत मोठा ताण येतो, कारण तेव्हा तो लांबत असतो आणि त्याच क्षणी त्याला पायाचा वेगही रोखायचा असतो. यात होणाऱ्या बहुतेक इजा विश्रांती आणि टप्प्याटप्प्याने वाढवलेल्या व्यायामाने भरून येतात. तिथे शस्त्रक्रियेचे काही काम नाही.

कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा चिवट दोर, हाडापासून उपटली गेली की मात्र गोष्ट वेगळी होते. खुबा वाकलेला आणि गुडघा सरळ असताना पाय जोराने ताणला गेला की असे घडते. वॉटर-स्कीइंगमधली ही ओळखीची दुखापत आहे. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा लांबवलेला पाय घोट्याला धरून ओढला गेला, तर ताण याच जातीचा असतो. आत काहीतरी फटकन तुटल्याचे जाणवते. काही दिवसांत मांडीचा मागचा भाग काळानिळा पडतो, बसणे नकोसे होते. मैदानावर मात्र ‘नस ओढली गेली’ म्हणून मालीश सुरू होते आणि मोलाचे आठवडे हातचे जातात. मांडीत एवढे रक्त उतरले असेल, तर एमआरआय करायलाच हवा.

त्यात किती कंडरा सुटल्या आणि हाडापासून किती खाली सरकल्या हे पाहतात. तिन्ही सुटल्या असतील, किंवा दोन सुटून दोन सेंटिमीटरहून जास्त सरकल्या असतील, तर खेळाडूच्या बाबतीत कल शस्त्रक्रियेकडे असतो. रुग्णाला पालथे झोपवून नितंबाखालच्या घडीत आडवा छेद घेतात. कौशल्याचा खरा कस इथे लागतो, कारण पायाचा मुख्य मज्जातंतू, सायटिक, बैठकीच्या हाडापासून जेमतेम बोटभर अंतरावर असतो. तो आधी शोधून जपावा लागतो. मग हाडाचा पृष्ठभाग खरवडून ताजा करतात, त्यात धागे ओवलेले छोटे अँकर बसवतात आणि कंडरा मूळ जागी घट्ट बांधतात. पहिल्या तीन-चार आठवड्यांत हे तुलनेने सोपे जाते. पुढे कंडरा आखडते, व्रणामुळे मज्जातंतूला चिकटते आणि कधी दात्याच्या कंडरेचा तुकडा जोडून लांबी भरून काढावी लागते.

मांडीच्या पुढच्या स्नायूंना चेंडू लाथाडताना इजा होते, पण तिथे शस्त्रक्रियेची वेळ क्वचितच येते. जोराच्या मुक्या मारानंतर मांडी दगडासारखी कडक होऊन वेदना वाढतच गेली, तर मात्र आतला दाब कमी करण्यासाठी स्नायूवरचे आवरण काही तासांच्या आत उघडावे लागते.

कंडरा जोडल्यानंतर साधारण सहा आठवडे कुबड्या लागतात आणि मैदानावर परतायला अनेकदा सहा महिने जातात. सगळ्यांचा काळ सारखा नसतो. मे 2023 मध्ये मांडीवर शस्त्रक्रिया झालेल्या क्रिकेटपटू के. एल. राहुलने त्याच सप्टेंबरमध्ये कोलंबोत पाकिस्तानविरुद्ध नाबाद 111 धावा केल्या. तेव्हा बार्सिलोनाकडून खेळणाऱ्या फुटबॉलपटू उस्मान डेम्बेलेची डाव्या मांडीतली कंडरा सप्टेंबर 2017 मध्ये तुटली आणि फिनलंडमध्ये तिच्यावर शस्त्रक्रिया झाली. जानेवारी 2018 मध्ये तो परतला आणि त्याच महिन्यात त्याच मांडीचा दुसरा स्नायू दुखावला. शिवलेली कंडरा जुळली म्हणून स्नायू तयार झाला असे होत नाही. म्हणून पुनरागमनाची तारीख स्पर्धेच्या वेळापत्रकावरून ठरवू नये. दोन्ही मांड्यांची ताकद यंत्रावर मोजावी आणि जखमी पाय दुसऱ्याच्या किमान नव्वद टक्क्यांपर्यंत आल्याशिवाय खेळाडूला पूर्ण वेगाने धावू देऊ नये.