ब्रेक आणि खारी हवा

तर झालं असं. ऑक्टोबरात उन्हाळा ओसरल्यावर चार महिने झाकून ठेवलेली बाईक बाहेर काढली. पहिल्याच चकरीत गाडी जड वाटली. घरी येऊन पुढच्या डिस्कजवळ हात नेला, तर चटकाच! इंजिनाखाली जॅक लावून चाक उचललं आणि हाताने फिरवलं. अर्ध्या फेरीत थांबलं.

पुण्यात माझ्याकडे आरएक्स १०० होती, दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक. ब्रेक लागेना की नट आवळायचा, संपलं. कॅलिपरच्या वाटेला मी कधी गेलोच नव्हतो.

डिस्क ब्रेकमध्ये पिस्टन मागे ओढायला स्प्रिंग नसते, हे मला तेव्हा कळलं. ते काम एक चौकोनी काटछेदाची रबरी रिंग करते. ब्रेक दाबला की पिस्टनबरोबर ती जराशी मुरडते, सोडला की सरळ होते आणि पिस्टनला केसभर मागे घेते. बस्स, इतकंच.

'गाडी चालवतच नाही, मग ब्रेक ऑइल कशाला बदलायचं?' असं म्हणत मी चार वर्षं काढली होती. पण हे ऑइल उभ्या गाडीतही हवेतली वाफ शोषतं. डॉट ४ ऑइल ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा निकष आहे, पाणी मुरल्यावर तोच १५५ वर येतो. आणि बहरीन या शब्दाचा अर्थच 'दोन समुद्र'. इथल्या ऑगस्टमध्ये चष्मासुद्धा दाराबाहेर पडताच धुकटतो.

शुक्रवारी सकाळी बसलो. लीव्हर दाबून दाबूनच पिस्टन बाहेर काढायचे होते. एक आला, दुसरा हलेना. पहिल्याला लाकडाच्या फळीने अडवून पुन्हा दाबलं, तेव्हा कुठे तो निघाला. थोडं ऑइल टाकीवर उडालं. ते रंग खातं, म्हणून धावत पाणी ओतलं.

रिंग काढल्या आणि खरा चोर सापडला. रिंग ठीकच होत्या, पण त्यांच्यामागच्या खाचेत ॲल्युमिनियम गंजून पांढरा, दगडासारखा थर बसला होता. त्यानेच रिंगला पिस्टनवर आवळून धरलं होतं. पोलादी टोकाने खरवडलं तर खाच बिघडेल, म्हणून बांबूच्या काड्या घेतल्या. दोन तास गेले, कंबर गेली ती वेगळीच.

एका पिस्टनच्या बाहेरच्या कडेला खड्डे पडले होते. एक गॅरेजवाला म्हणाला, "पॉलिश पेपर मारो, चलेगा." मोह झाला. पण नवे पॅड घातले की पिस्टन आत जातो आणि तीच खड्ड्यांची कड रिंगखाली येते. मग गळती. नवा पिस्टन मागवला, तीन आठवडे थांबलो.

नव्या रिंग ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून बसवल्या. साधं ग्रीस लावलं असतं तर रबर फुगलं असतं. हवा काढायला मुलगी लीव्हरवर होती. "दाब... धर... सोडू नकोस!" अर्ध्या तासाने लीव्हर टणक झाला.

बायकोला म्हटलं, "चल, एक चक्कर मारू."

"आधी तुम्ही एकटेच जाऊन या."

बरोबरच होतं तिचं. पार्किंगमध्ये चालण्याच्या वेगाने दहा वेळा थांबलो, मग रस्त्यावर. परत येऊन डिस्कला हात लावला तर जेमतेम कोमट. चाक हाताने तीन फेऱ्या फिरतंय. बायको अजून मागे बसलेली नाही. पुढच्या शुक्रवारी बघू म्हणते.