फुगलेल्या शिरा आणि संप्रेरकाचा हिशेब

लग्नानंतर दोन-तीन वर्षांत पाळणा हलला नाही, की आपल्या देशात तपासण्यांचा आरंभ बहुधा सुनेपासून होतो. रक्ततपासणी, सोनोग्राफी, नवससायास, सारे तिच्याच वाट्याला. पतीची वीर्यतपासणी त्यामानाने स्वस्त आणि सोपी. तरी तिची पाळी शेवटी येते. मग कित्येकदा व्हेरिकोसील सापडते, म्हणजे अंडकोशातील फुगलेल्या, वेटोळ्या शिरा.

सर्वसाधारण पुरुषांत हा दोष सुमारे १५ टक्के, तर वंध्यत्वासाठी तपासल्या जाणाऱ्यांत ३५ ते ४० टक्के आढळतो. तो बहुतेकदा डावीकडेच का, याचे उत्तर शरीररचनेत आहे. उजव्या वृषणाची नीला थेट पोटातील महानीलेला तिरकी मिळते. डावी मात्र अधिक वर चढून मूत्रपिंडाच्या नीलेला काटकोनात मिळते. झडपा कमकुवत झाल्या, की रक्त उलटे खाली साचते आणि शरीरापेक्षा दोन-तीन अंशांनी थंड राहायला हवा असा हा अवयव तापू लागतो. ही ऊब शुक्राणूंना सोसत नाही. टेस्टोस्टेरॉन तयार करणाऱ्या लेडिग पेशींचे कामही मंदावू शकते.

शस्त्रक्रियेत या शिरा बांधतात. सूक्ष्मदर्शकाखाली रोहिणी आणि लसवाहिन्या जपता येतात. ज्यांचे टेस्टोस्टेरॉन मुळातच कमी असते त्यांच्यात ते नंतर सरासरीने वाढलेले दिसते. ज्यांचे सामान्य असते त्यांना विशेष फरक पडत नाही. ‘पुरुषत्व वाढवण्या’च्या जाहिरातींना हा तपशील गैरसोयीचा असतो. त्याहून घातक गैरसमज इंजेक्शनांचा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतले, की मेंदूतील पियुषिका ग्रंथी वृषणांना संकेत देणे थांबवते आणि शुक्राणूंची निर्मिती जवळजवळ बंद पडते. अपत्यासाठी आसुसलेला पुरुष, शक्तिवर्धक समजून, नेमके उलटे औषध घेतो.

शुक्राणू घडायला सत्तरेक दिवस लागतात. म्हणून शस्त्रक्रियेनंतरची पहिली वीर्यतपासणी तीन महिन्यांनी. संख्या आणि हालचाल अनेकांत सुधारते, पण गर्भधारणा पत्नीच्या वयावरही अवलंबून असते. हाताला न लागणाऱ्या, केवळ सोनोग्राफीत दिसणाऱ्या व्हेरिकोसीलवर शस्त्रक्रिया करू नये, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

आणखी एक रांग आहे, अविवाहित तरुणांची. लष्करभरतीच्या वैद्यकीय तपासणीत व्हेरिकोसील आढळले, की उमेदवार अपात्र ठरतो. शस्त्रक्रिया होऊन जखम भरली, की पुन्हा पात्र ठरू शकतो. या मुलांना वेदना नसते, अपत्याची चिंताही नसते. शल्यचिकित्सकाला ते विचारतात ते फेरतपासणीच्या तारखेपर्यंत टाके सुकतील का, एवढेच.